जमीन नसली तरी गोधडी जमते
छोट्या घरात ब्लॉक आणि ओळी जोडून वरचा पदर तयार करण्याची रीत

ब्लॉकच्या, म्हणजे चौकोनी तुकडे जोडून केलेल्या, गोधडीवरची परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती म्हणजे मोकळी जमीन. सगळे ब्लॉक खाली मांडा, दोन दिवस येता-जाता पाहा, मनासारखे फिरवा, मग जोडायला घ्या. मुंबईत नाहूरच्या वन-बीएचकेत हे कसं व्हायचं? हॉलमध्ये दिवाण, टीव्ही आणि घडीचं टेबल. बेडरूममध्ये पलंग आणि कपाट यांच्यामधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. वर पंखा. तो चालू असला तर मांडलेले तुकडे उडतात, बंद केला तर मांडणारा घामाघूम होतो. रात्री पलंग रिकामा करावाच लागतो, आणि सकाळी कुठला तुकडा कुठे होता ते आठवत नाही.

म्हणून शिवण यायला लागली तरी बऱ्याच जणींची गोधडी ब्लॉकांच्या ढिगापाशीच थांबते. अडतं ते शिवणीत नसतं, तुकड्यांचा क्रम सांभाळण्यात असतं. तो क्रम जमिनीऐवजी माप, खुणा आणि यंत्राचा दोरा यांच्यावर सोपवला, तर वरचा पदर दोन फुटांच्या टेबलावरही पूर्ण होतो. या लेखात त्याचीच रीत दिली आहे. सरळ टीप मारता येते आणि इस्त्री करता येते, एवढं गृहीत धरलं आहे.

आपली गोधडी आणि ब्लॉकची गोधडी

महाराष्ट्रातल्या घरगुती गोधडीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक पसरायची, कडा आत मुडपायच्या, कडेपासून धावदोरा घालत चौकोनातून चौकोन आत न्यायचा आणि मधोमध संपवायचा. फाटलेल्या किंवा सजवायच्या जागी ठिगळ ठेवून त्याच दोऱ्याने पक्कं करायचं. वरचा पदर वेगळा असा तयारच होत नाही. खालचं कापड सगळं धरून ठेवतं, त्यामुळे ठिगळ थोडं लहान-मोठं झालं तरी बिघडत नाही.

याच पद्धतीचा सर्वांत देखणा प्रकार सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत पाहायला मिळतो. तिथल्या सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. खाली जुनी साडी असते. एका कोपऱ्यापासून ठिगळं मुडपत, धावदोऱ्याने बसवत, कडेकडेने फिरत त्या मध्यापर्यंत जातात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी ‘फुला’ बसवतात. त्यांच्याशिवाय कवंदी पूर्ण मानत नाहीत. पट्टी नाही, आलेख नाही, आणि तरी रंगांचा तोल असा की आखणी करणाऱ्याने पाहत राहावं.

जुन्या, विरलेल्या, वेगवेगळ्या जाडीच्या साड्या वापरायच्या असतील तर हाच मार्ग धरा. त्यांचे ब्लॉक करण्याचा हट्ट नको. ब्लॉकच्या गोधडीत खालचं कापड नंतर येतं. वरचा पदर स्वतःच्याच शिवणींवर उभा असतो, आणि तिथे तुकड्याला तुकडा नेमका भेटावा लागतो. त्यासाठी एका जाडीचं, नीट धुतलेलं सुती कापड लागतं.

नमुन्यासाठी एक माप

सगळं स्पष्ट व्हावं म्हणून एकच नमुना घेऊ. तयार झाल्यावर ९ इंचांचे ब्लॉक, आडवे ५ आणि उभे ७, म्हणजे एकूण ३५. त्यांपैकी १८ ब्लॉक नऊ घरांचे आणि १७ साध्या एकरंगी कापडाचे. एक सोडून एक असे मांडले की चारही कोपऱ्यांत नऊ घरांचाच ब्लॉक येतो, कारण ५ आणि ७ दोन्ही विषम आहेत. मधला भाग ४५ × ६३ इंचांचा होतो. भोवती ६ इंचांचा काठ लावला की ५७ × ७५. तीन फुटी सिंगल पलंगावर दोन्ही बाजूंना छान पडतो.

नऊ घरांच्या ब्लॉकमध्ये ५ गडद आणि ४ फिकी घरं. प्रत्येक घर तयार ३ इंचांचं, म्हणून कापताना साडेतीन इंच. साधा ब्लॉक कापताना साडेनऊ इंच. सगळीकडे माया पाव इंच, म्हणजे सुताराच्या आणि शिंप्याच्या मापात दोन सूत.

कापड किती लागेल? पन्हा ४४ इंच असेल तर किनार सोडून ४२ इंच धरा. त्यातून साडेतीन इंचांची १२ घरं निघतात. गडद कापड पाऊण मीटर, फिकं पाऊण मीटर, साध्या ब्लॉकसाठी दीड मीटर आणि काठासाठी सव्वा मीटर पुरतं. हे धुऊन आटल्यानंतरचं माप आहे. नवीन सुती घेताना प्रत्येकाला थोडं जास्त घ्या. स्लो लोकलने दादरला उतरून हिंदमाता, किंवा पुढे सीएसएमटीला जाऊन मंगलदास मार्केट, अशा दोन्ही ठिकाणी पॉपलीन आणि कॅम्ब्रिक मीटरवर मिळतं. घेताना सगळी कापडं बोटांत धरून पाहा. जाडी सारखी वाटली पाहिजे. शेजारच्या शिंप्याकडची कात्रणंही चालतात, पण त्यांत टेरिकॉट आणि सिंथेटिक मिसळलेलं असतं. ते धुण्यात आटत नाही आणि सुती आटतं, म्हणून पहिल्याच धुण्यात ब्लॉकला सुरकुत्या येतात. शिवाय इस्त्री जास्त तापली तर ते वितळतं.

गडद लाल, निळं आणि काळं कापड वेगळं धुवा. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहा. रुमालाला रंग लागत असेल तर ते फिक्या घरांच्या शेजारी बसवू नका. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने कारखान्यातून आलेला रंग पक्का होतो, या समजुतीवर विसंबू नका. धुतल्यावर पातळ खळ द्या. भाताच्या पेजेची चालेल, पण पावसाळ्यात पेजेमुळे झुरळं आणि बुरशी येते, तेव्हा बाजारातला स्टार्च बरा. खळ दिलेलं कापड कापताना आणि शिवताना ताणत नाही.

पाव इंच खरंच पाव इंच आहे का?

वरच्या पदराचं यश किंवा अपयश ब्लॉक जोडायला बसण्याच्या आधीच ठरलेलं असतं. समजा तुमची माया पाव इंचापेक्षा अर्धा सूत जास्त पडते. डोळ्याला ते दिसणारही नाही. एका टिपेला दोन कापडं असतात, म्हणजे प्रत्येक टिपेला एक सूत कापड जास्त खर्ची पडतं. नऊ घरांच्या ब्लॉकमध्ये एका दिशेने दोन टिपा; ब्लॉक दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचाने लहान होतो. त्याच्या शेजारचा साधा ब्लॉक मात्र एकाच कापडाचा, तो साडेनऊ इंचांचाच राहतो. आता सव्वानऊ इंचांची कड साडेनऊ इंचांच्या कडेला जोडायची. ओढून जोडली तर मधे पोट येतं, न ओढता जोडली तर शेवटी कापड उरतं. ‘मी सरळ शिवते, तरी जमत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

म्हणून सुरुवातीला एक चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या लांबीच्या बाजूने जोडा, इस्त्री करा आणि मोजा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच आली पाहिजे. कमी आली तर टीप एखाद्या धाग्याने कडेकडे सरकवा, जास्त आली तर आत. पाव इंचाला एक धागा कमी शिवावं लागतं, कारण घडी पडताना थोडं कापड दुमडीतच जातं.

घरच्या जुन्या काळ्या यंत्रावर पाव इंची पाय मिळाला नाही तरी अडत नाही. पट्टीवरून कागदावर पाव इंचाची रेघ मारा, सुई त्या रेघेवर उतरवा आणि कागदाच्या कडेला लागून यंत्राच्या पत्र्यावर जाड चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. कापड त्या पट्टीला टेकवून सरकवलं की माया आपोआप सारखी पडते. टाका बारीक ठेवा, इंचाला साधारण १२ टाके. ब्लॉकच्या शिवणीला दोन्ही टोकांना उलटी टीप मारायची नसते. पुढची आडवी टीप तिला बांधते. टाका मोठा असेल तर तोवर टोकं उसवतात. सुई ११ किंवा १४ नंबरची, नवी. दोरा सुती, बारीक.

१९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या गोल पात्याचा कटर आणला, तेव्हापासून ब्लॉकचं काम फार वेगाने होऊ लागलं. चटई, लांब पारदर्शक पट्टी आणि हा कटर असेल तर उत्तमच. नसेल तर पुठ्ठ्याचा अचूक चौकोन, टोकदार खडू आणि धारदार कात्री पुरे. फक्त आखताना खडूची रेघ पुठ्ठ्याच्या बाहेर पडते हे लक्षात ठेवा आणि रेघेच्या आतून कापा.

घरांपासून ब्लॉक

नऊ चौकोन कापून नऊ चौकोन जोडायची गरज नाही. साडेतीन इंचांच्या लांब पट्ट्याच एकमेकींना जोडा. गडद-फिकी-गडद असे तीन संच आणि फिकी-गडद-फिकी असे दोन संच करा. इस्त्री झाल्यावर संच आडवे साडेतीन-साडेतीन इंचांवर कापा. पहिल्या प्रकारच्या ३६ आणि दुसऱ्या प्रकारच्या १८ कापा लागतात. वर आणि खाली पहिला प्रकार, मधे दुसरा, की ब्लॉक झाला.

इस्त्री करताना दोन्ही प्रकारांत माया गडद कापडाकडे वळवा. त्यामुळे पहिल्या कापेत ती बाहेरच्या बाजूंना जाते आणि दुसऱ्या कापेत मध्याकडे. दोन कापा एकमेकींवर ठेवल्या की माया समोरासमोर येऊन अडतात. बोटांनी चाचपलं तर दोन्ही घड्या एकमेकींना टेकल्याचं कळतं, आणि तिथे चौकटीचा कोपरा टाचणी न लावताही नेमका जुळतो. संपूर्ण गोधडीत हाच नियम चालवायचा आहे: जिथे दोन शिवणी भेटणार तिथे त्यांच्या माया विरुद्ध दिशांना वळलेल्या हव्यात.

इस्त्री घासायची नाही, उचलून दाबायची. घासली की ब्लॉक तिरका होतो, विशेषतः उरेब कड असेल तर. आधी शिवण बंद असतानाच तिच्यावर इस्त्री दाबा, मग उघडून गडद बाजूकडे वळवा. नाहूरच्या दमट हवेत वाफ जपून वापरा. ओलसर कापड ताणतं आणि वाळल्यावर वेगळ्या मापाचं होतं.

अठराही ब्लॉक झाले की मोजा. साडेनऊ इंच आले तर ठीक. सगळेच सव्वानऊच्या आसपास आले असतील तर त्यांना उसवू नका. साधे ब्लॉक त्या मापाला कापून घ्या. काही मोठे, काही लहान असतील तर मोठे ब्लॉक चारही बाजूंनी सारखे तासा. एकाच बाजूने तासलं तर कडेची घरं बारीक दिसतात.

मांडणी पलंगावर, क्रम कागदावर

न शिवलेले ३५ ब्लॉक मांडायला साधारण चार फूट × साडेपाच फूट जागा लागते. डबलबेडवर ती मिळते. पंखा बंद करा, मांडा आणि दारात उभं राहून पाहा. मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग गेले की कुठे गडद ब्लॉक एका बाजूला साचलेत, कुठे फिकं भगदाड पडलंय ते लगेच दिसतं. एकच छापील कापड शेजारी-शेजारी आलं असेल तर बदला.

भिंत मोकळी असेल तर तिच्यावर फ्लॅनेलची जुनी चादर ताणून बसवा; सुती ब्लॉक तिला टाचणीशिवायही चिकटून राहतात. पावसाळ्यात मात्र ओल धरलेल्या बाहेरच्या भिंतीवर रात्रभर ठेवू नका, फिक्या कापडावर डाग उमटतात.

मनासारखं झालं की प्रत्येक ब्लॉकच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी टाचा. १-१ म्हणजे पहिली ओळ, पहिला ब्लॉक. ७-५ म्हणजे सातवी ओळ, पाचवा ब्लॉक. चिठ्ठी नेहमी त्याच कोपऱ्यात लावली की ब्लॉकची वरची बाजूही कळते. मग उभ्या रांगांप्रमाणे गठ्ठे करा: पहिल्या रांगेतले सात ब्लॉक, सर्वांत वर १-१, सर्वांत खाली ७-१. असे पाच गठ्ठे. पलंग मोकळा झाला, रात्री झोपायला हरकत नाही.

दोरा न तोडता जोडणी

आता यंत्रापाशी बसा. शेजारी पहिला आणि दुसरा गठ्ठा.

१-१ आणि १-२ सुलट बाजू आत ठेवून उजव्या कडेने जोडा. टीप कडेपर्यंत आली की दोरा तोडू नका. दोन-तीन टाके रिकामे जाऊ द्या आणि लगेच २-१ आणि २-२ ची जोडी पायाखाली सरकवा. अशा सातही जोड्या. शेवटी तुमच्या हातात सात जोड्यांची लांब माळ येते, बारीक दोऱ्याने एकमेकींना बांधलेली. पहिल्या जोडीच्या आधी एक चिंधी शिवून घ्या. त्यामुळे सुरुवातीचा दोरा यंत्राच्या दातांत गुंतत नाही.

सगळ्या जोड्या उघडा, दोरे तसेच ठेवा. तिसरा गठ्ठा घ्या. १-२ च्या मोकळ्या उजव्या कडेला १-३ जोडा, मग २-२ ला २-३, सातव्या ओळीपर्यंत. पुढे चौथा गठ्ठा, मग पाचवा. सगळ्या उभ्या शिवणी संपतात तेव्हा सातही ओळी तयार असतात आणि प्रत्येक ओळ वरच्या-खालच्या ओळीला दोऱ्यांनी धरलेली असते. आता हे सगळं गुंडाळून पिशवीत ठेवलं, मुलांनी ओढलं, मांजर वर झोपलं, तरी क्रम बदलणार नाही. छोट्या घरात ही रीत कामाला येते ती एवढ्यासाठी. वेळ वाचतो तो वेगळाच.

ही रीत एका जागी चुकते: माळेतला ब्लॉक चुकून उलटा किंवा आडवा शिवला जातो. म्हणून प्रत्येक गठ्ठा संपला की माळ पलंगावर पसरून आधीच्या फोटोशी ताडून पाहा. उसवायची वेळ आली तर एका शिवणीवर भागतं. ओळी जोडल्यावर कळलं तर चार शिवणी उसवाव्या लागतात.

ओळींची इस्त्री

दोऱ्यांनी बांधलेल्या ओळींचं हे जाळं, दोरे न तोडता, इस्त्रीच्या टेबलावर घ्या. आपल्या नमुन्यात इथे एक सोय आहे. प्रत्येक ओळीत माया साध्या ब्लॉककडे वळवा, बस. पहिल्या ओळीत पहिला ब्लॉक नऊ घरांचा आणि दुसरा साधा, म्हणून माया उजवीकडे जाते. दुसऱ्या ओळीत पहिला साधा, दुसरा नऊ घरांचा, म्हणून त्याच जागची माया डावीकडे. दोन ओळी एकमेकींवर आल्या की प्रत्येक सांध्यावर माया विरुद्ध दिशांना. वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. शिवाय साध्या ब्लॉकमध्ये आतल्या शिवणी नसल्याने जाडीही साचत नाही.

सगळेच ब्लॉक एकसारख्या नक्षीचे असतील तर विषम ओळींची माया उजवीकडे आणि सम ओळींची डावीकडे वळवा. कुठली ओळ कुठली ते चिठ्ठी सांगेल, म्हणून चिठ्ठ्या अजून काढू नका.

ओळीला ओळ

पहिली ओळ दुसरीवर दुमडा, सुलट बाजू आत. प्रत्येक सांध्यावर दोन्ही माया बोटांनी एकमेकींना टेकवा आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकेक टाचणी लावा. एकच टाचणी मधोमध लावली तर पाय तिच्यापाशी येताना कापड सरकतं. दोन सांध्यांच्या मधोमधही एक टाचणी. टाचणी सुईखाली येण्याआधी काढा. तिच्यावरून टीप गेली तर सुई तुटू शकते.

एका ओळीतला ब्लॉक थोडा मोठा असेल तर जास्त भरणारी बाजू खाली ठेवा. यंत्राचे दाते खालचं कापड वरच्यापेक्षा किंचित जास्त पुढे नेतात, त्यामुळे एखाद-दोन धाग्यांचा फरक सामावून जातो. फरक दोन सुतांचा असेल तर मात्र दात्यांवर सोडू नका, आधी ब्लॉकचं माप सुधारा.

एक ते सात अशा ओळी एकामागून एक जोडत गेलं तर प्रत्येक टिपेला मागचं ओझं वाढत जातं आणि शेवटची टीप मारताना अख्खा पदर मांडीवर येतो. त्यापेक्षा आधी १ आणि २, ३ आणि ४, ५ आणि ६ जोडा. मग पहिल्या दोन जोड्या एकमेकींना, आणि तिसरी जोडी सातव्या ओळीला. शेवटी एकच लांब शिवण. ओळीची लांबी ४५ इंच आहे. पहिली टीप डावीकडून मारली तर पुढची उजवीकडून मारा. सगळ्या एकाच टोकापासून मारल्या तर पदर हळूहळू धनुष्यासारखा वाकतो. जिथे जाळ्याचे दोरे टिपेच्या वाटेत येतात तिथे ते मायेच्या आतच राहतात. बाहेर डोकावलेले नंतर कापा.

ओळींमधल्या लांब शिवणींची माया सगळीकडे एकाच दिशेने, खाली वळवा. पुढे हाताने धावदोरा घालायचा असेल तर हे बरं. शिवणीवर माया पाठीशी असते आणि सुई कुठल्या बाजूने घालायची ते कळतं. यंत्राने टिपायचं असेल तर माया उघडून दोन्हीकडे सपाट केली तरी चालेल.

सांधा जुळला नाही तर? अर्ध्या सुताचा फरक असेल तर सोडून द्या; भरण घालून टिपलं की तो दिसत नाही. त्याहून जास्त असेल तर सगळी टीप उसवू नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर उसवा, जुळवा, परत टीप मारा.

पट्टी घालून जोडायचं असेल तर

ब्लॉकांची मापं थोडी कमी-जास्त झाली असतील किंवा नक्ष्या एकमेकींत मिसळून गोंधळ होत असेल, तर ब्लॉकांच्या मधे पट्ट्या घाला. ब्लॉक एकमेकांना भेटतच नाहीत, त्यामुळे कोपरे जुळवण्याची कटकट राहत नाही. तयार २ इंचांची पट्टी चहूकडून घातली तर आपला नमुना काठाशिवायच ५७ × ७९ इंचांचा होतो.

पण पट्टीचाही एक सापळा आहे. ओळींमधली लांब पट्टी एकसंध कापून लावली की वरच्या ओळीतला ब्लॉक आणि खालच्या ओळीतला ब्लॉक एका रेषेत राहत नाहीत, कारण मधे जुळवायला शिवणच नसते. उपाय दोन. पट्टीच्या दोन्ही कडांवर खडूने ब्लॉकांच्या जागा आखा आणि त्या खुणांवर टाचा. किंवा पट्ट्यांच्या छेदावर छोटा चौकोन घाला. तेव्हा जुळवायला सांधा मिळतो आणि वर सांगितलेली जाळ्याची रीतही तशीच वापरता येते. त्यासाठी अडीच × साडेनऊ इंचांच्या ८२ पट्ट्या आणि अडीच इंचांचे ४८ चौकोन लागतील. इस्त्री करताना माया नेहमी पट्टीकडे वळवा. सांधे आपोआप जुळतात.

ब्लॉक कोनावर उभे असतील तर

ब्लॉक ४५ अंशांत फिरवून मांडले की ओळी तिरक्या होतात आणि कडेला त्रिकोण लागतात. ते त्रिकोण उरेब कापले तर पदराची कड लाटांसारखी होते. बाहेरची कड सरळ धाग्यावर यावी म्हणून बाजूचे त्रिकोण १४ इंचांचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून करा. एका चौकोनातून चार. कोपऱ्यांचे त्रिकोण सव्वासात इंचांचा चौकोन एकाच कर्णावर कापून. एका चौकोनातून दोन. ही मापं आपल्या ९ इंची ब्लॉकसाठी आहेत. पहिल्याच गोधडीला मात्र ही मांडणी घेऊ नका.

काठ

काठाची लांबी पदराच्या कडेवरून मोजायची नाही. कड हाताळून ताणलेली असते. पदर सपाट पसरा आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत मोजा. आपल्या नमुन्यात ते ६३ इंच, मायेसकट साडेत्रेसष्ट यायला हवं. तेवढ्याच मापाच्या दोन पट्ट्या कापून आधी उभे काठ लावा. मग आडवं माप पुन्हा मधोमध घ्या आणि वरचा-खालचा काठ लावा. काठाची लांब पट्टी कडेला लावून जास्तीचं शेवटी कापून टाकायची सवय असेल तर ती सोडा. गोधडीच्या कडा चुणीदार होतात त्या याच सवयीने.

काठासाठी पट्ट्या जोडाव्या लागल्या तर तिरकी जोड द्या. सरळ जोड काठावर ठळक दिसते, तिरकी छापील कापडात हरवून जाते.

भरणाआधीची तपासणी

पदर उलटा करून दिव्याखाली धरा. सुटलेली टीप, लोंबणारे दोरे आणि फिक्या कापडाखाली गेलेली गडद माया तेव्हाच दिसते. गडद धागे आत्ताच कापा. नंतर ते अस्तराआड अडकतात आणि फिक्या घरातून सावलीसारखे डोकावतात. कडेने चहूबाजूंनी मायेच्या आतच एक टीप मारा, म्हणजे कडेच्या शिवणी उसवत नाहीत. शेवटची इस्त्री, घडी न घालता गुंडाळी, आणि पदर भरणासाठी तयार.

सुरुवात कुठून?

एवढं वाचून पस्तीस ब्लॉकांना हात घालायचं धाडस होत नसेल तर बाळाचं दुपटं करा. तीन ओळी, तीन ब्लॉक: ५ नऊ घरांचे आणि ४ साधे. मधला भाग २७ इंचांचा, भोवती साडेचार इंचांचा काठ, एकूण ३६ × ३६ इंच. नऊ ब्लॉक असले तरी जाळ्याची रीत, विरुद्ध दिशांची माया, सांध्यावरच्या दोन टाचण्या आणि मधोमध मोजलेला काठ हे सगळं त्यात येतं. एखादा सांधा सरकला तरी दुपटं वापरात येईलच. तीन पट्ट्यांची चाचणी मात्र आजच करा. यंत्र कुठलंही असो, मधली पट्टी एक इंच येईपर्यंत पहिलं कापड कापू नका.